‘एका कोळियाने’ : म्हाताऱ्या कोळ्याची चिकाटी आणि मराठीतील दर्या

पु. ल. देशपांडे यांनी अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या कादंबरिकेचे भाषांतर १९६५ साली प्रसिद्ध केले, तेव्हा मूळ नावातील म्हातारा आणि समुद्र या दोहोंनाही त्यांनी मुखपृष्ठावरून बाजूला सारले व पुस्तकास ‘एका कोळियाने’ असे नाव दिले. मराठी शाळेत शिकलेल्या कित्येक पिढ्यांच्या तोंडी असलेल्या एका कवितेचे हे आरंभीचे शब्द होत. त्या कवितेतील कोळी मासे धरणारा नव्हे, तर जाळे विणणारा कीटक आहे. क्यूबाच्या किनाऱ्यावरील एक वृद्ध मच्छीमार मराठीत आला तो असा शाळेच्या दारातून, एका कीटकाचे नाव धारण करून. या नामकरणाकडे सामान्यतः एक चतुर श्लेष म्हणून पाहिले जाते आणि विषय तेथेच सोडला जातो. वस्तुतः त्या श्लेषाच्या पोटात मराठी भाषेच्या इतिहासाचा बराच मोठा प्रश्न दडलेला आहे. ज्या भाषेचे बहुसंख्य भाषक समुद्रापासून दूर, पठारावर राहतात, त्या भाषेत समुद्राशी झुंजणाऱ्या माणसाची चिकाटी कोणत्या शब्दांनी सांगितली जाते, आणि त्या शब्दांत ती किती उरते, असा तो प्रश्न आहे.

प्रश्न नेमका व्हावा म्हणून एखादे गाव डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरेल. धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव त्या दृष्टीने योग्य आहे. बालाघाटाच्या पठारावरील, शोभेच्या दारूच्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव कोकणकिनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटरांवर आहे. याच परिसरात तेरणा नदी उगम पावते, आणि तिचे पाणी मांजरेतून गोदावरीत व गोदावरीतून बंगालच्या उपसागरास मिळते. म्हणजे पश्चिमेचा जो समुद्र महाराष्ट्राचा म्हणून गणला जातो, त्याच्याशी येथील पाण्याचाही संबंध नाही. अशा गावातील वाचकाच्या हाती ‘एका कोळियाने’ हे पुस्तक पडले तर ‘कोळी’ या शब्दाने त्याच्या मनात काय उभे राहील, हे पाहावयाचे आहे.

प्रथम मूळ कथेचा इतिहास थोडक्यात पाहू. ‘एस्क्वायर’ या अमेरिकन मासिकाच्या एप्रिल १९३६ च्या अंकात हेमिंग्वेने खोल समुद्रातील मासेमारीवर एक लेख लिहिला होता. त्यात त्याने एका वृद्ध क्यूबन मच्छीमाराची हकीगत काही वाक्यांत दिली आहे. हा म्हातारा लहानशा होडीतून एकटाच गेला असता त्याच्या गळाला प्रचंड मार्लिन मासा लागला व त्याने होडी दूर समुद्रात ओढून नेली. दोन दिवसांनी इतर मच्छीमारांना तो साठ मैल पूर्वेस सापडला. माशाचे डोके आणि पुढचा भाग होडीला बांधलेला होता, उरलेले शार्कांनी खाल्ले होते. जे उरले होते तेच आठशे पौंड भरले. म्हातारा होडीत बसून रडत होता, दुःखाने त्याचे भान जवळजवळ हरपले होते, आणि शार्क अजून भोवती घिरट्या घालीत होते.

पुढे सोळा वर्षांनी, १ सप्टेंबर १९५२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात संपूर्ण कादंबरिका छापून आली आणि त्या अंकाच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती दोन दिवसांत खपल्या. १९५३ चे पुलित्झर पारितोषिक तिला मिळाले व १९५४ साली लेखकास नोबेल पारितोषिक देण्यात आले. हा सारा तपशील सर्वपरिचित आहे. अभ्यासकाने लक्ष द्यावयाचे ते १९३६ ची हकीगत आणि १९५२ ची कथा यांतील फरकाकडे. हकीगतीतील म्हाताऱ्याला दुसऱ्यांनी शोधून काढले. कथेतील सांतियागो स्वतःच सुकाणू धरून बंदरात परत येतो, डोलकाठी खांद्यावर घेऊन चढण चढतो, वाटेत थांबतो, पडतो, उठतो आणि झोपडीत जाऊन पालथा झोपी जातो. हकीगतीतील म्हातारा रडतो, कथेतील म्हातारा रडत नाही. रडतो तो त्याचा जखमी हात पाहून मनोलिन हा मुलगा. म्हणजे ज्या चिकाटीसाठी ही कथा जगभर वाचली गेली, ती लेखकाने घटनेत घातलेली आहे. घटनेत फक्त नुकसान होते. हा आरोप नव्हे. कथाकाराचा तो हक्क आहे. पण पराभवाचे चिकाटीत रूपांतर करण्याचे काम भाषांतराच्या आधीच एकदा झाले होते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता नावाकडे वळू. कीटकवाचक ‘कोळी’ आणि जातिवाचक ‘कोळी’ हे दोन शब्द मराठीत एकरूप झाले असले तरी त्यांचे मूळ एक मानण्यास आधार नाही. प्राकृतात ‘कोलिअ’ हा शब्द विणकर आणि जाळे करणारा कीटक या दोन्ही अर्थी येतो. संस्कृतातील ‘कौलिक’ म्हणजे विणकर, हा शब्द पंचतंत्राच्या वाचकांस परिचित आहे. कीटकाचे नाव अशा रीतीने विणकरावरून पडले. जातिनामाच्या व्युत्पत्तीविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही. तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने हा निव्वळ ध्वनींचा योगायोग ठरतो. तरीही भाषेच्या व्यवहारात योगायोगांना आपले असे वजन असते. दोघेही जाळे करतात, दोघेही वाट पाहतात. शिवाय किनाऱ्यावरचा कोळी खरोखरीच विणकर होता. नायलॉनचा धागा येण्यापूर्वी जाळी सुताची किंवा सणाची असत आणि ती हाताने विणली जात. ज्याच्या अंगात वल्हे मारण्याची ताकद उरली नाही, असा वृद्ध कोळी अंगणात बसून जाळ्याचे डोळे विणीत असे, फाटलेली जाळी सांधीत असे. व्युत्पत्तीने नाकारलेला संबंध कामाने जोडलेला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

शाळेतील कवितेच्या मागे जो उपदेश आहे, त्याची जातकुळी युरोपीय आहे. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस पराभूत होऊन लपून बसला असता त्याने वारंवार पडूनही पुन्हा चढणारा कोळी पाहिला आणि त्यापासून धीर घेतला, ही गोष्ट वॉल्टर स्कॉटने १८२८ च्या सुमारास मुलांसाठी लिहिलेल्या स्कॉटलंडच्या इतिहासामुळे सर्वत्र पसरली. ब्रूस मरण पावला १३२९ साली. चौदाव्या शतकातच जॉन बार्बरने त्याच्यावर रचलेल्या दीर्घकाव्यात या कोळ्याचा पत्ता नाही. चार-पाच शतके उलटल्यावर राजाला मिळालेला हा गुरू इंग्रजी क्रमिक पुस्तकांच्या वाटेने हिंदुस्थानात आला आणि येथील प्राथमिक शाळांत चांगलाच स्थिरावला. त्याच्या गोष्टीचा शेवट ठरलेला आहे: कोळी अखेर यशस्वी होतो. न होता, तर ती गोष्ट पाठ्यपुस्तकात आलीच नसती.

सांतियागोचा शेवट तसा नाही. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला हा माणूस पंच्याऐंशीव्या दिवशी अठरा फूट लांबीचा मासा धरतो, आणि बंदरात आणतो तो त्याचा सांगाडा. कोळ्याच्या कवितेचे नाव या कथेस देणे म्हणजे वाचकाला एका शेवटाची अपेक्षा लावून दुसरा शेवट त्याच्यासमोर ठेवणे होय. पुष्कळ वाचकांनी ते नाव प्रयत्नवादाची खूण म्हणून घेतले, आणि शाळांतील व्याख्यानांतून त्याचा तसा उपयोगही होतो. परंतु नावाचा खरा गुण त्याच्या उलट बाजूस आहे. विनोदाची जाण असलेल्या लेखकाने लहानपणीचा धडा वाचकास आठवून दिला आणि मोठेपणी तो धडा कसा निघतो ते पुढे दाखविले, असा अर्थ घेतला तरच हे नाव कथेला न्याय देते.

तेरखेड्याकडे परत येऊ. देशावरच्या गावगाड्यात कोळी हा शब्द माशांशी बांधलेला नव्हता. बलुतेदारांच्या याद्या गावोगाव भिन्न असल्या तरी अनेक याद्यांत कोळी आढळतो, आणि त्याचे काम पाणी भरण्याचे असते. चावडीवर, पाटलाच्या घरी, गावात उतरलेल्या अधिकाऱ्याच्या मुक्कामी पाणी पुरविणारा तो कोळी. नदीकाठच्या गावी तो आणि भोई मासेही धरीत, पैलतीरी माणसे उतरवीत. पण त्याचे पाणी गोडे, मोजके आणि विहिरीचे. पठारावर खोली मोजावयाची ती विहिरीची, आणि ती मोजली जाई परसाने, म्हणजे उभ्या माणसाच्या मापाने. समुद्रावरचे माप वाव होय: दोन्ही हात पसरून दोरी धरली असता होणारी लांबी. सांतियागो आपले चार गळ चाळीस, पंच्याहत्तर, शंभर आणि सव्वाशे फॅदम खोलीवर सोडतो. हे फॅदम म्हणजेच वाव. सव्वाशे वाव खोलीवर सुटलेली दोरी म्हणजे काय, याची कल्पना दहा-बारा परस विहिरीच्या मापाने करू गेल्यास ती तोकडीच पडणार. पण दोन्ही मापे माणसाच्या देहावरून घेतलेली आहेत, आणि त्यामुळे तेरखेड्याच्या वाचकास सांतियागोच्या तळहातावर दोरीने पडलेल्या चिरा मोटेच्या नाड्यावरून समजू शकतात. जुन्या शेतकऱ्यास त्याचे वेगळे स्पष्टीकरण लागले नसते.

मराठीतील समुद्रविषयक शब्दांची चाळणी केल्यास एक विलक्षण चित्र दिसते. दर्या हा शब्द फारसी. होडीच्या मालकास नाखवा म्हणतात, तो शब्द फारसी ‘नाखुदा’ म्हणजे नावेचा धनी यावरून आला. खलाशी अरबी, सुकाणू अरबी. होडीवरील प्रमुख तांडेल याचे नाते दक्षिणेकडील द्राविडी भाषांतील शब्दांशी जोडले जाते. अरबी समुद्राच्या काठी शतकानुशतके ज्या भाषा एकमेकींना भेटल्या त्यांच्या खुणा कोळ्याच्या बोलीत अशा साचलेल्या आहेत. सर्वांत उद्बोधक उदाहरण ‘नांगर’ या शब्दाचे आहे. शेतकऱ्याचा नांगर संस्कृत ‘लाङ्गल’ या शब्दापासून आला, होडीचा नांगर फारसी ‘लंगर’ या शब्दापासून. दोन वेगळ्या वाटांनी आलेले हे शब्द मराठीत एकाच उच्चारावर येऊन थांबले. किनाऱ्यावर नांगर टाकला की काम थांबते, आणि पठारावर नांगर धरला की काम सुरू होते. ‘कोळी’प्रमाणेच येथेही एका ध्वनीची दोन घरे झाली, आणि घाटाच्या अलीकडे एक घर उजेडात तर दुसरे अंधारात राहिले.

काही शब्द मात्र घाट चढून आले. आनंदाला उधाण येते, उत्साहाला ओहोटी लागते, माणूस गळाला लागतो. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती, हे ठाऊक नसलेला मनुष्यही तो शब्द बिनचूक वापरतो. त्याच्या उलट, अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार कमी असते तिला कोळी ‘भांग’ म्हणतात. हा शब्द प्रमाण गद्यात शिरला नाही. तेथे भांग म्हणजे केसांचा किंवा प्यावयाचा. भाषेने उधाण उचलले आणि भांग मागे ठेवला, यात तिच्या आवडीनिवडीचा काही अंश दिसतो. किनाऱ्यावरील मनुष्याचे निम्मे आयुष्य भांगाच्या दिवसांत जाते.

याचा अर्थ तेरणेचे खोरे समुद्रापासून सदैव तुटलेले होते असा मात्र नव्हे. तेरखेड्याच्या खाली याच नदीवर तेर हे गाव आहे. प्राचीन तगर ते हेच, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखविले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगराचा उल्लेख येतो. तेथील कापड गाड्यांतून खडतर रस्त्यांनी भडोचच्या बंदरात जात असे. पुढे कोकणकिनाऱ्यावर राज्य करणाऱ्या उत्तर कोकणच्या शिलाहारांनी आणि त्यांच्या कोल्हापूरच्या भाऊबंदांनी आपण तगर नगराचे स्वामी असे बिरुद लावले. ठाण्याच्या खाडीवर सत्ता चालविणारा राजा आपले मूळ गाव तेरणेच्या काठी सांगतो, हे महाराष्ट्राच्या इतिहासातील दुर्लक्षित पण महत्त्वाचे सत्य आहे. सामान्य माणसाच्या पातळीवर हा संबंध आणखी साधा राहिला. देशावरच्या आठवडी बाजारात सुकट आणि सुके बोंबील विकावयास येतात. समुद्र पाहिला नसलेल्यांच्या ताटात समुद्र आला तो या रूपाने.

तो बोंबील ज्या पद्धतीने धरला जातो, तीत सांतियागोच्या चिकाटीहून निराळी चिकाटी लागते. पालघरपासून रायगडपर्यंतच्या किनाऱ्यावर डोल हे पिशवीच्या आकाराचे मोठे जाळे वापरतात. ते ओढत नेत नाहीत. खुंटांना किंवा नांगरांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून ठेवतात. प्रवाहच जाळे फुगवतो आणि प्रवाहच मासळी आत आणतो. प्रवाह उलटण्यापूर्वी ते वर घ्यावे लागते. त्यामुळे कामाची वेळ सूर्य ठरवीत नाही, पाणी ठरविते, आणि ती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. मध्यरात्र असो की दुपार, पाण्याच्या वेळेस तेथे हजर असावे लागते. हे काम एकट्याचे नव्हे. तांडेल, खलाशी, किनाऱ्यावर टोपली घेऊन उभी असलेली कोळीण, बोंबील वाळत घालणारी सारी घरे त्यात असतात. सांतियागोचे एकटेपण या किनाऱ्याला बरेचसे परके आहे. मुलगा बरोबर असता तर, असे तो पुनःपुन्हा म्हणतो. येथे मुलगा बरोबर असतोच. वृद्ध कोळ्याची कसोटी एका मोठ्या माशाशी होत नाही. वारा, पाणी आणि तिथी यांचा हिशेब चाळीस-पन्नास वर्षे चुकू न देणे ही ती कसोटी होय. अशा जीवनावर कादंबरी लिहिणे अधिक कठीण आहे, कारण त्यात एकच एक प्रसंग सापडत नाही.

इतिहासाने एक प्रसंग मात्र जपून ठेवला आहे. १६७६ च्या सुमारास जंजिऱ्याच्या मोहिमेत लाय पाटील या कोळी सरदाराने रात्री होड्यांतून जाऊन किल्ल्याच्या तटास शिड्या लावण्याचे काम अंगावर घेतले. परंपरा अशी सांगते की शिड्या लागल्या, परंतु वर चढावयाचे सैन्य वेळेवर आले नाही. लाय पाटील पहाटेपर्यंत थांबला आणि उजाडण्यापूर्वी शिड्या काढून परतला. जंजिरा हाती आला नाही. तरीही शिवाजी महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर फिरणाऱ्याने पालखी घेऊन काय करावयाचे, असे म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी त्याच्यासाठी गलबत बांधविले आणि त्याचे नाव ‘पालखी’ ठेवले. पालखी हे घाटावरच्या वैभवाचे चिन्ह. ते समुद्रावर चालावे म्हणून त्याचे गलबत करावे लागले. भाषांतर कशास म्हणावे याचे याहून चांगले उदाहरण शोधून मिळणार नाही. आणि जो मान दिला गेला तो निष्फळ ठरलेल्या रात्रीबद्दल होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. शाळेतील कोळ्याच्या गोष्टीला हे मान्य झाले नसते.

भाषांतर फसते कसे, हे हेमिंग्वेच्या कथेच्या शेवटच्या पानावर आहे. बंदरावरील उपाहारगृहात आलेली एक प्रवासी बाई पाण्यात तरंगणारा पाठीचा लांब कणा पाहून हे काय म्हणून विचारते. नोकर मोडक्या इंग्रजीत ‘शार्क’ म्हणतो. काय घडले ते त्यास सांगावयाचे असते. बाई समजते की हा सांगाडाच शार्कचा, आणि शार्कची शेपटी इतकी सुंदर असते हे ठाऊक नव्हते, असे म्हणते. मासा धरणारा, मासा खाणारा आणि मासा ही सारी गोष्ट एका शब्दात चुरगळली जाते. ज्या वाचकास कोळी म्हणताच फक्त भिंतीवरचा कीटक आठवतो, त्याची गत त्या बाईहून फार वेगळी म्हणता येत नाही.

‘एका कोळियाने’ निघाले त्या दशकातच कोकणकिनाऱ्यावरील होड्यांना यंत्रे बसू लागली होती आणि सुताची जाळी जाऊन नायलॉनची येत होती. शीड, परभाण, वाऱ्यांची निरनिराळी नावे, शिडाच्या दोरांची नावे यांना रोजच्या व्यवहारात काम उरले नाही. मोल्सवर्थच्या कोशात आणि १९३२ पासून निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशात यांतील काही शब्द सापडतात, पण कोशकार मुख्यतः पठारावरचे असल्याने अनेकांची व्याख्या ‘एक प्रकारचे जाळे’, ‘एक प्रकारची होडी’ एवढ्यावर संपते. यंत्रांमागून मोठी जाळी आली, त्यांच्यामागून लहान मच्छीमारांशी तंटे आले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे, आणि पर्ससीन जाळ्यांवर कडक निर्बंध आले ते २०१६ साली. जून-जुलैतील बंदीचा काळ आता शासन ठरविते. पूर्वी तो खवळलेला दर्या आणि नारळी पौर्णिमा ठरवीत असे. या साऱ्यात लहान होडीच्या वृद्ध मालकाला एका शार्कऐवजी पुष्कळ शार्क भेटले आणि त्यांतील काहींना परवाने होते, असे कोणी म्हटल्यास त्याला अतिशयोक्ती म्हणावयास जीभ कचरते.

जुन्या कोळ्यांच्या ज्ञानातील एक गोष्ट मात्र कोशात न जाताही टिकली आहे. भरतीची वेळ काढावयाची तर तिथीची पाऊणपट करावी: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे जाते. पाऊण तासाचा हा आडाखा त्याच्या अगदी जवळ आहे, आणि तो मांडण्यास घड्याळ व पंचांग यांपलीकडे काही लागत नाही. तेरखेड्यातील घराच्या भिंतीवर लटकणाऱ्या दिनदर्शिकेतही तीच तिथी छापलेली असते. संकष्टीच्या दिवशी तेथे दुपारी तीन वाजतात, तेव्हा तीनशे किलोमीटरांवर पाणी चढून थांबलेले असते आणि कोणी म्हातारा कोळी डोल वर घेण्याच्या तयारीत असतो.